दोर रुळला का?

वार्षिकाच्या पानांवर शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र किंवा एखाद्या सद्गुणावरील निबंध, असा साधारण समज आहे. मी आज दोराविषयी लिहिणार आहे. विषय क्षुद्र वाटेल, हे मी जाणतो. परंतु तो तुमच्यापैकीच काहींनी मजवर सोपविला आहे आणि मी त्यांस शब्द देऊन बसलो आहे. शब्द दिल्यावर तो पाळण्याची मला विशेष धास्ती वाटते. तिचे कारण ह्याच लेखात पुढे येईल.

प्रसंग असा घडला. यंदाच्या क्रीडास्पर्धांच्या पाच दिवस आधी रस्सीखेचीसाठी नवा दोर शाळेत आला. जुना दोर मध्येच झिजून त्याचे तंतू बाहेर आले होते, म्हणून तो बाद केला होता. नव्या दोराची गुंडाळी सुटताच दहावीच्या मुलांनी फूटपट्टी, तांबडी फीत आणि सुई-दोरा घेऊन मध्यावर खूण करावयास प्रारंभ केला. मी दोर हातात घेतला, त्याच्यावरून तळवा फिरविला आणि सहजच विचारले, "दोर रुळला का?" मुले हसू लागली. एकाने धिटाईने म्हटले, "सर, दोर म्हणजे काय नवा बैल आहे, रुळायला?"

योगायोग असा की, त्याच आठवड्यात नववीतील एका विद्यार्थिनीने मला दुसराच एक प्रश्न घातला होता. मोटारबोटीच्या मागे दोरी धरून, पायाला फळ्या बांधून पाण्यावर घसरत जाणाऱ्या खेळाडूचे चलचित्र तिने पाहिले होते. ती दोरी किती लांब असते आणि कशी मोजतात, असे तिला जाणून घ्यावयाचे होते. ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. पिंपळगाव राजा येथील आमच्या शेताच्या विहिरीवर, वयाच्या तेराव्या वर्षी, ते मला शिकावे लागले.

पिंपळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील, ज्ञानगंगा नदीकाठचे माझे जन्मगाव. भोवती काळीभोर जमीन, तीत पऱ्हाटी आणि ज्वारी, आणि शेताच्या धुऱ्याला धरून अंबाडीच्या रांगा. अंबाडीच्या भाजीची आंबट चव आपल्याकडे कोणास ठाऊक नाही? परंतु त्याच अंबाडीच्या सालीपासून दोर होतो, हे आजच्या पुष्कळ मुलांस सांगावे लागते. फुलावर आलेली अंबाडी कापून तिच्या पेंढ्या बांधीत आणि त्या डोहात किंवा खड्ड्याच्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवीत. दोन-तीन आठवड्यांत साल कुजून सैल होई. मग ती खोडापासून सोडवून, आपटून, धुऊन वाळवीत. असा जो लांब, पिवळसर तंतू हाती येई, त्यास वाख म्हणतात.

वाखाचा दोर करणारे कारागीर आमच्या भागात बहुतेक मातंग समाजाचे. त्यांच्यापैकी एक वृद्ध गृहस्थ आमच्या गावच्या आठवडी बाजारात बसत. पोळ्याच्या आधीच्या बाजारात तर त्यांच्यापुढे वेसणी, कासरे आणि दाव्यांचा ढीग पडलेला असे. त्यांचे काम पाहत मी तासन् तास उभा राहिलो आहे. वाखाला एका दिशेने पीळ देऊन ते पेड करीत. मग असे तीन पेड एकत्र धरून त्यांस उलट दिशेने पीळ घालीत. पेडाचा पीळ एकीकडे सुटू पाहतो आणि दोराचा पीळ दुसरीकडे. दोघे एकमेकांस अडवून धरतात, म्हणूनच गाठ न मारताही दोर उकलत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण निंदेसाठी वापरतो, पण दोर करणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या पिळावरच माणसाचा सारा भरवसा असतो.

तथापि नवा, म्हणजे कोरा, दोर भरवशाचा नसतो. त्याला तीन खोडी असतात. पहिली ही की, तो लांबतो. पेडांमध्ये पोकळ जागा राहिलेल्या असतात. पहिले जड ओझे पडले की पेड एकमेकांत दाटून बसतात, दोर बारीक होतो आणि जाडीत जितका घटला तितका लांबीत वाढतो. ओझे काढल्यावर ही वाढ सर्वस्वी परत जात नाही. दुसरी खोड ही की, तो फिरतो. टोकाला ओझे मोकळे लोंबत असेल तर कोऱ्या दोराचा पीळ थोडासा उलगडतो आणि ओझे भोवऱ्यासारखे गरगरू लागते. तिसरी खोड सर्वांत वाईट. त्याला मारलेली गाठ टिकत नाही. गाठ मारताना दोर जाड असतो, ओझ्याखाली तो बारीक होतो, आणि घट्ट वाटलेली गाठ आपोआप सैल पडते. ह्या तिन्ही खोडी काढून टाकणे ह्यालाच दोर रुळविणे म्हणतात. बाजारातील ते वृद्ध कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकास सांगत, "माझ्या हातून दोर अर्धाच होतो. उरलेला अर्धा तुमच्या हातून व्हायचा आहे."

माझ्या आजोबांनी तरुणपणी मोट हाकली होती. मोटेला दोन दोर लागत. मोटेच्या तोंडाला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा. तो वरच्या चाकावरून जाई. सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर. तो खाली विहिरीच्या काठावरील कण्यावरून जाई. दोन्ही दोर एकाच जुवाला जोडलेले असत. बैल धावेवरून खाली उतरले की मोट वर येई, आणि नेमक्या जागी सोंड थारोळ्यात उघडी होऊन पाणी पडे. ह्या नेमकेपणाचे रहस्य दोन दोरांच्या मापात होते. सोंदूर ताणून लांब झाला की सोंड खाली लोंबे आणि निम्मे पाणी वाटेतच परत विहिरीत पडे. नाडा लांबला तर बैल धावेच्या शेवटास पोचले तरी मोटेचे तोंड पुरते वर येत नसे. म्हणून नवे दोर आधी रुळवीत आणि मगच मापून जोडीत. माप घेण्यास टेप नव्हता, हात होता. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. दोन्ही बाहू पसरले म्हणजे एक वाव, आणि चार हातांचा एक वाव. विहिरीची खोली मात्र परसांनी सांगावयाची. आजोबांच्या तोंडी एक नियम होता, "रुळवून मोजावे, मोजून रुळवू नये."

मी तेरा वर्षांचा झालो तोवर मोटेचा जमाना संपला होता. आमच्या विहिरीवरही विजेचा पंप बसला होता आणि चाकाच्या जागी दोन दगडी खांब तेवढे उरले होते. तरी दोराचे काम संपले नव्हते. १९९३ सालच्या वैशाखात विहिरीचे पाणी तळाला गेले आणि पंपाच्या नळात गाळ येऊ लागला. गाळ उपसावयाचा ठरला. गाळ भरण्यासाठी माझे धाकटे काका खाली उतरणार होते. विहीर जुनी, दगडी बांधणीची होती आणि तिला पायऱ्या नव्हत्या. त्या काळी आमच्याकडे माणूस दोराने खाली सोडीत. आज असे कोणी करू नये. खोल विहिरीत विषारी वायूही साचलेला असतो आणि केवळ दोरावर माणसाचा जीव सोपविणे योग्य नव्हे. त्या वेळी मात्र दुसरी रीत आम्हांस ठाऊक नव्हती.

आजोबांनी बाजारातून अंबाडीचा नवा तिपेडी दोर आणला. नायलॉनचा दोर दुकानात होता, परंतु तो हातातून निसटतो आणि ओझ्याखाली फार ताणतो, असे त्यांचे मत होते. कारागिरासमोरच त्यांनी आपले बाहू पसरून दोर मोजला. तो बारा वाव भरला. घरी आल्यावर तो दोर त्यांनी माझ्या स्वाधीन केला आणि तीन दिवसांचे काम सांगितले. पहिल्या रात्री दोर पाण्यात बुडवून ठेवावा. सकाळी त्याचे एक टोक कडुनिंबाच्या बुंध्यास आणि दुसरे बैलाच्या जुवाला बांधून चांगला ताण द्यावा. गोणपाटाने घासून त्याची कूस काढावी. ताणलेल्या स्थितीतच सावलीत वाळवावा. मग दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्याने बाभळीचा ओंडका शेताच्या वाटेने ओढावा. ओला दोर मोजू नये, कारण पाणी प्यालेला वाख फुगतो आणि दोर आखडतो. वाळल्यावर, ताण देऊनच मोजावा.

पहिल्या रात्री मी दोर हौदात टाकला. सकाळी तो बाहेर काढून कुंपणावर पसरला. इतके झाल्यावर मात्र शाळेच्या सुटीतील सोबती चेंडूफळी खेळावयास बोलवू लागले. ऊन फार होते, ओंडका जड होता, आणि दोर तर पाहणाऱ्यास दोरासारखाच दिसत होता. ताण दिलेला दोर आणि न दिलेला दोर ह्यांत डोळ्यांना काय फरक दिसणार? दुसरा दिवस खेळात गेला. तिसराही गेला. तिसऱ्या संध्याकाळी ओसरीवर बसलेल्या आजोबांनी विचारले, "काय रे बाप्पा, दोर रुळला का?"

मी म्हणालो, "हो, रुळला."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर माणसे जमली. दोन खांबांवर आडवे लाकूड टाकून त्याला कप्पी लाविली होती. दोराच्या टोकाला फळी बांधून काका तिच्यावर बसले. चार माणसांनी दोर धरला. फळीला गाठ मारताना काकांनी दोर दोनदा मुठीत दाबून पाहिला आणि माझ्याकडे एकदा पाहिले, हे मला आजही स्पष्ट आठवते. मी नजर दुसरीकडे वळविली.

दोर सुटू लागला. दोन परस खाली जाईपर्यंत सर्व ठीक होते. मग काका फिरू लागले. आधी हळू, नंतर भरभर. भिंतीला पाय लावून ते स्वतःस थांबवू पाहत होते, परंतु दोर त्यांना पुन्हा गरगर फिरवी. वरून कोणी ओरडले, "थांबवा!" माणसांनी एकदम दोर आवळला. त्या हिसक्यासरशी फळीची गाठ घसरली. फळी एका अंगाला कलंडली आणि काका दोन-अडीच हात खाली आले. दोर त्यांनी उजव्या हाताने धरून ठेवला म्हणून ते तळाशी पडले नाहीत. परंतु त्यांचा डावा खांदा भिंतीतून पुढे आलेल्या एका दगडावर जोराने आदळला. त्याचा आवाज मला काठावर ऐकू आला.

त्यांना वर घेतले आणि जीपमधून खामगावच्या दवाखान्यात नेले. हाडाला दोन ठिकाणी इजा झाली होती. जीव वाचला, हाड जुळले, परंतु डावा हात पुढे कधीही खांद्याच्या वर गेला नाही. काका घराच्या आढ्याला हात लावून दाखवीत आणि आम्हां मुलांस त्या हाताला लोंबकळू देत. तो खेळ त्या वैशाखात संपला.

संध्याकाळी माणसे घरोघर गेली. आजोबा दोर घेऊन अंगणात आले आणि एक शब्द न बोलता मोजू लागले. बाहू पसरून एक, दोन, तीन. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो. बारा वाव झाले आणि त्यांच्या हातात अजून दोर उरला. तो उरलेला दोर त्यांनी छातीपर्यंत धरून पाहिला. बरोबर अर्धा वाव. त्यांनी माझ्याकडे वर पाहिले नाही. त्या दोराकडेच पाहत विचारले, "हा अर्धा वाव कोठून आला?"

मित्रहो, रुळलेला दोर एका माणसाच्या ओझ्याने इतका लांबत नाही, हे आता तुम्हांसही कळते. मला तर ते त्याच क्षणी कळले. मी उत्तर दिले नाही आणि त्यांनीही ते मागितले नाही. मला मार बसला असता तर बरे झाले असते असे मला कित्येक वर्षे वाटत होते. ते एवढेच म्हणाले, "उद्यापासून ओंडका ओढ. दोर अजून कोराच आहे."

मी तीन दिवस ओंडका ओढला. प्रत्येक संध्याकाळी आजोबा दोर ताणून मोजीत. पहिल्या दिवशी तो आणखी दीड हात... नव्हे, मला अचूक सांगितले पाहिजे: आणखी एक हात वाढला. दुसऱ्या दिवशी चार बोटे. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. चौथ्या दिवशी पुन्हा मोजला, माप तेच. दोरावरून हात फिरविला तर कूस जाऊन तो गुळगुळीत लागत होता. गाठ मारून ओझे दिले तर ती जागची हलत नव्हती. ओंडका झाडाला टांगला तर तो एक-दोन आढे घेऊन स्थिर राहत होता. "आता जे माप आले," आजोबा म्हणाले, "ते दोराचे. आधीचे होते ते नुसते बाजाराचे."

काका दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो आणि खरे काय ते सांगितले. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. हाताला तो कोराच लागला होता."

मी विचारले, "मग तुम्ही उतरला कशाला?"

ते म्हणाले, "तू हो म्हणाला होतास ना."

ह्या उत्तरात राग नव्हता, म्हणूनच ते मला सोसवले नाही. त्यांच्या तळव्याने एक सांगितले होते आणि माझ्या तोंडाने दुसरे. आपल्या तळव्यापेक्षा त्यांनी पुतण्याच्या शब्दास अधिक मान दिला होता. चार माणसांनी धरलेल्या दोरावर ते बसले, असे सर्वांस दिसले. वास्तविक ते माझ्या "हो" ह्या एका अक्षरावर बसून विहिरीत उतरले होते.

पुढे मी शिकलो, शिक्षक झालो, आणि ज्या ज्या ठिकाणी मनुष्य काळजीपूर्वक मोजतो त्या त्या ठिकाणी आजोबांचाच नियम मला भेटला. आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे जानेवारी १८२३ मध्ये विल्यम लॅम्बटन हा सर्वेक्षक मरण पावला. दक्षिणेपासून उत्तरेकडे हिंदुस्थानची त्रिकोणमितीने मोजणी करण्याचे प्रचंड कार्य त्याने आरंभिले होते. १८०२ साली मद्रासजवळ त्याने पहिली आधाररेषा मोजली, ती १०० फुटांच्या पोलादी साखळीने. साखळी म्हणजे अंबाडीचा दोर नव्हे, तरी तिच्यावरही त्याने अंधविश्वास ठेविला नाही. तिवयांवर ठेविलेल्या लाकडी पेट्यांत साखळी पसरावयाची, वजन लावून तिला ताण द्यावयाचा, उन्हाने ती किती वाढली हे पाहण्यासाठी जवळ तापमापके ठेवावयाची, आणि मगच माप घ्यावयाचे, अशी त्याची रीत होती. वापराने साखळी झिजून लांबते हे जाणून त्याने ताडून पाहण्यासाठी दुसरी साखळी निराळी जपून ठेविली होती. सैल साखळीचे माप त्याने खरे मानले असते तर पहिल्या रेषेतील चूक शेकडो मैल वाढत गेली असती.

आता नववीतील विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळतो. पाण्यावर घसरण्याचा तो खेळ १९२२ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिसिसिपी नदीच्या पेपिन सरोवरात, राल्फ सॅम्युअलसन नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने प्रथम करून दाखविला. त्याच्याजवळ खेळाची खास दोरी कोठून असणार? खिडकीची तावदाने वर-खाली करण्यासाठी वापरतात ती सुमारे १०० फूट दोरी त्याने बोटीला बांधली आणि मुठीच्या जागी लोहाराकडून एक लोखंडी कडी करून घेतली. आज ह्या खेळाच्या दोऱ्या पाण्याहून हलक्या अशा प्लॅस्टिकच्या तंतूंच्या असतात, म्हणून त्या बुडत नाहीत.

त्या खेळाच्या एका प्रकारात खेळाडूला बोटीच्या मार्गाच्या उजव्या-डाव्या बाजूंस ठेविलेल्या ६ तरंगत्या खुणांना बाहेरून वळसा घालावा लागतो. प्रत्येक खूण मार्गाच्या मध्यापासून ११.५ मीटर दूर असते. पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत असतो. त्या वेगात तो यशस्वी झाला की दोरी कमी करतात: १८.२५ मीटर, मग १६, मग १४.२५, १३, १२, ११.२५ आणि त्याहूनही कमी. म्हणजे शेवटी दोरी खुणेपर्यंत पोचतच नाही, आणि उरलेले अंतर खेळाडूला आपले शरीर झुकवून, हात लांबवून भरून काढावे लागते. अशा वेळी दोरी वीतभर लांब निघाली तर एकावर उपकार होतो आणि दुसऱ्यावर अन्याय. म्हणून ती सैल ठेवून मोजीत नाहीत, ठरावीक ताण देऊन मोजतात. आणि नवी दोरी पाण्यावर काही फेऱ्या ओढून, तिचा पहिला ताण निघून गेल्यावरच तिचे माप विश्वसनीय धरतात. मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. पिंपळगावच्या अंगणात आजोबांनी बाहू पसरून मला जे शिकविले, त्याहून ते तत्त्वतः निराळे नाही.

शाळेच्या दोराचे काय झाले, हे ज्यांनी तो ओढला त्यांस ठाऊकच आहे. तरी पालकांसाठी सांगतो. रस्सीखेच हा एके काळी १९०० पासून १९२० पर्यंत ऑलिंपिक सामन्यांतही असलेला खेळ आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दोराचा घेर १० ते १२.५ सेंटिमीटर आणि लांबी निदान ३३.५ मीटर असावी लागते. मध्यावर तांबडी खूण आणि तिच्या दोन्ही बाजूंस ठरावीक अंतरांवर निराळ्या रंगांच्या खुणा असतात. प्रत्येक बाजूस ८ गडी. आमचा दोर कोरा असताना ३४ मीटर भरला. मुलांनी हौसेने बांधलेली तांबडी फीत मी तशीच ठेवू दिली. तीन संध्याकाळी तो दोर मैदानाकडेच्या वडाच्या बुंध्याला बांधून दहावीच्या मुलांनी जोर लावून ओढला, सोळाजणांनी एकदम. ज्यांस हे काम कंटाळवाणे वाटले त्यांस मी दोष देत नाही. मीही एकदा कंटाळलो होतो.

चौथ्या दिवशी टेप लावला तेव्हा दोर ३५ मीटरांस थोडाच कमी होता. आणि मुलांस खरे आश्चर्य वाटले ते पुढेच. तांबडी फीत मध्यावर राहिली नव्हती. दोराचे दोन्ही अर्ध सारखे लांबले नव्हते आणि फीत मध्यापासून चार बोटे सरकली होती. पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे, फूटपट्टी लावून केलेली खूण खोटी ठरली होती. खूण करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने फक्त वेळेआधी मोजले होते. ती फीत उसवून मुलांनी स्वतः पुन्हा मोजून शिवली, आणि त्यानंतर स्पर्धा संपेपर्यंत ती जागची हलली नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या पुढील आयुष्यात कोणी ना कोणी तुम्हांस विचारणारच: काम झाले का, हिशेब तपासला का, औषध मोजून दिले का, तार नीट जोडली का? विचारणारा प्रत्येक वेळी स्वतः हात लावून पाहू शकत नाही. तो तुमच्या "हो"वर विसंबून आपला जीव, आपला पैसा किंवा आपली अब्रू खोल विहिरीत सोडतो. तेव्हा तो "हो" कोरा नसावा. आणि तो कोरा असेल तर "अजून नाही" एवढे म्हणण्याचे धैर्य असावे. त्या संध्याकाळी ओसरीवर मी "अजून नाही" म्हणालो असतो, तर गाळ तीन दिवस उशिरा निघाला असता. त्याहून अधिक काही बिघडले नसते.

क्रीडास्पर्धांच्या दिवशी माझे काका पिंपळगावहून मुद्दाम आले होते. ते आता सत्तरीकडे झुकले आहेत. अंतिम सामन्यापूर्वी दोर मैदानावर पसरला असता ते खुर्चीवरून उठले, मैदानात गेले आणि खाली बसून उजव्या हाताचा तळवा त्यांनी दोरावरून फिरविला. मग दोर दोनदा मुठीत दाबून पाहिला. मी जवळच उभा होतो. ह्या वेळी मी नजर वळविली नाही.

"रुळला आहे," ते म्हणाले, आणि आपल्या जागी जाऊन बसले.